ठिपक्याएवढंही नसलेलं बेट

कॅनडातल्या लॅब्राडोरच्या किनाऱ्यापासून साधारण २० किलोमीटरवर, थंडगार समुद्रात एक बेट आहे. बेट कसलं, खडकच तो! जेमतेम २५ मीटर रुंद आणि ४५ मीटर लांब, एखाद्या शाळेच्या पटांगणाएवढा. पण त्याचं नाव ऐका: लँडसॅट बेट. हे चक्क एका उपग्रहाचं नाव आहे, कारण बेट सापडलं ते त्या उपग्रहाच्या चित्रात!

लँडसॅट-१ हा उपग्रह अमेरिकेने २३ जुलै १९७२ रोजी सोडला. साधारण ९०० किलोमीटर उंचीवरून तो पृथ्वीभोवती फिरायचा आणि दर १८ दिवसांनी पुन्हा त्याच जागेवर यायचा. त्याच्यावर एक भन्नाट यंत्र होतं. ते व्हर्जिनिया नॉरवुड या इंजिनिअर बाईंच्या कल्पनेतून उतरलं होतं. तुम्हाला वाटेल, कॅमेराच असणार, बटण दाबलं की फोटो. छे! त्यात एक आरसा होता. तो सेकंदाला तेरा वेळा हलायचा आणि खालून येणारा उजेड तुकड्यातुकड्याने आत सोडायचा. जमिनीचा प्रत्येक तुकडा किती उजळ आहे, तेवढा आकडा यंत्र टिपायचं. मग हे आकडे रेडिओलहरींवरून खाली यायचे आणि त्यांचे ठिपके मांडून चित्र तयार व्हायचं.

आता खरी गंमत. यातला एक ठिपका म्हणजे जमिनीचा साधारण ८० मीटर लांब-रुंद तुकडा. बेट तर त्याहून लहान! मग ते दिसलं कसं? थांबा, लगेच पुढे वाचू नका. जरा डोकं खाजवा.

नॉरवुडबाईंचं यंत्र प्रत्येक तुकड्याचे चार आकडे टिपायचं: एक हिरव्या उजेडाचा, एक लाल उजेडाचा आणि दोन अवरक्त उजेडाचे. अवरक्त म्हणजे तांबड्याच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा उजेड. पाणी हा उजेड जवळजवळ सगळा गिळून टाकतं. म्हणून त्या चित्रात समुद्र काळाकुट्ट दिसतो. खडक मात्र त्यातला बराच उजेड परत पाठवतो. म्हणजे ठिपक्यात थोडं पाणी आणि थोडा खडक आला, तरी तो शेजारच्या काळ्या ठिपक्यांपेक्षा उजळ दिसणारच. मला तर ही युक्ती बेटापेक्षाही आवडते!

पण तो उजळ ठिपका हिमनगाचाही असू शकतो की! म्हणून १९७६ साली फ्रँक हॉल नावाचे समुद्राचे नकाशे करणारे गृहस्थ स्वतः बघायला गेले. हेलिकॉप्टरमधून दोराला लटकून ते खाली उतरू लागले, आणि बेटावर बसलेल्या पांढऱ्या अस्वलाने त्यांच्यावर पंजा उगारला! हॉलनी दोराला जोरात हिसके दिले आणि वरच्यांनी त्यांना झटपट ओढून घेतलं. पण एक नक्की झालं: तो हिमनग नव्हता, खडकच होता.

आता आपल्या बुलढाणा जिल्ह्यात या. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं हिरवट पाणी गुलाबी झालं. त्याच मालिकेतल्या लँडसॅट-८ उपग्रहाने हे सरोवर आधी २५ मे रोजी आणि रंग बदलल्यावर पुन्हा १० जून रोजी टिपलं. मधले दिवस मोजा बरं. सोळा! हा उपग्रह सोळा दिवसांनीच त्याच जागेवर परत येतो. रंग बदलल्याचं वरून दिसलं, पण कशाने बदलला हे कळायला पाणीच तपासावं लागलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्यात हॅलोआर्किया नावाचे, खारट पाण्यात वाढणारे गुलाबी सूक्ष्मजीव सापडले.

हेच ऑगस्टमध्ये घडलं असतं, तर ढगांमुळे उपग्रहाला लोणार दिसलंही नसतं कदाचित. त्यावर उपाय म्हणजे रडार. इस्रो आणि नासाने मिळून बनवलेला निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून झेपावला. त्याचा अँटेना १२ मीटर रुंद आहे. निसार स्वतःच रेडिओलहरी खाली सोडतो आणि जमिनीवर आपटून परतलेल्या लहरी पकडतो. त्यामुळे त्याला ढगांची अडचण नाही की रात्रीची. जमीन काही सेंटिमीटर सरकली, तरी त्याला कळतं. लोणारचं पाणी गुलाबी झालं, तर मात्र कळणार नाही, कारण रडारला रंग दिसतच नाहीत.