शिरस्त्राण

‘शिर सलामत तर पगडी पचास’ अशी एक म्हण आहे. मस्तक सुरक्षित राहिले, तर पगड्या हव्या तितक्या मिळतील, असा तिचा अर्थ. हातापायांची जखम भरून येते. परंतु मेंदूला झालेली इजा बहुधा प्राणांवर बेतते. म्हणूनच मस्तकास ‘उत्तमांग’ म्हणतात आणि त्याचे त्राण, म्हणजे रक्षण, जे करते ते शिरस्त्राण होय.

तलवारीच्या काळी शिरस्त्राणे लोखंडाची असत. मराठे वीर जिरेटोप घालीत. फारसीत ‘जिरेह’ म्हणजे कड्यांचे चिलखत. त्यावरून हे नाव पडले. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाच्या भेटीस जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली लोखंडी टोप घातला होता.

पुढे बंदुका आल्या. गोळीपुढे चिलखत टिकेना, तेव्हा शिरस्त्राणही मागे पडले. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले, त्या वेळी इंग्लंड व फ्रान्स यांचे सैनिक कापडी टोप्या घालूनच रणांगणात उतरले. ते खंदकात दडून लढत. पण तोफगोळे वर हवेतच फुटत आणि त्यांचे तुकडे मस्तकावर कोसळत. हा संहार पाहून १९१५ साली फ्रान्सच्या आद्रियाँ या अधिकाऱ्याने पोलादी टोप तयार करविला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ब्रॉडी यांनी रुंद काठाचा, पालथ्या थाळीसारखा टोप काढला. इजा वरून होत असल्यामुळे त्याचा काठ खांद्यांवरही छाया धरी. दुसऱ्या महायुद्धातही हिंदी पायदळ याच घाटाचा टोप वापरीत असे.

प्रवरेकाठचे नेवासे ज्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील निमज हे नामदेव जाधव यांचे गाव. मराठा पलटणीचे हे शिपाई ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीकाठी लढत होते. गोळ्यांच्या वर्षावात त्यांनी दोन जखमी सोबत्यांना सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित स्थळी नेले. मग परतून शत्रूच्या मशीनगनची ठाणी एकट्याने नष्ट केली. हाताला गोळी लागून बंदूक चालविता येईना, तेव्हा त्यांनी हातबाँब फेकले. या पराक्रमाबद्दल त्यांना ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ मिळाला.

आजचे शिरस्त्राण पोलादाचे नसते. १९६५ साली अमेरिकेत स्टेफनी क्वोलेक या विदुषीने एका बळकट धाग्याचा शोध लावला. तोच केव्हलार. समान वजनाच्या पोलादाहून तो सुमारे पाचपट बळकट असतो. अशा धाग्यांच्या कापडाचे अनेक थर राळेसारख्या चिकट द्रव्याने सांधून साच्यात दाबतात. गोळ्याचा तुकडा आदळला, की धागे ताणले जातात आणि आघात एका बिंदूवर न राहता सर्वत्र पसरतो. जाळ्यात शिरलेल्या चेंडूचा वेग असाच जिरतो. आतील गादीमुळे कवच व कवटी यांत अंतर राहते. म्हणून कवचाला पोचा पडला तरी डोके सहसा वाचते.

मग कवच आणखी जाड का करीत नाहीत? तसे केल्यास मान अवघडेल आणि सैनिकाची चपळाई जाईल. म्हणून त्याचे वजन दीड किलोग्रॅमच्या आसपास ठेवतात. जवळून झाडलेली रायफलची गोळी मात्र ते भेदूही शकते. शिरस्त्राण सैनिकाला अमर करीत नाही. त्याच्यावरचे संकट कमी करते.

स्वतःच्या रक्षणाची तजवीज करणे हा भित्रेपणा नव्हे. प्रतापगडावरील लोखंडी टोप हेच सांगतो. धैर्य हवेच, पण त्याला दूरदृष्टीची जोड मिळाली, म्हणजे वीर कार्य साधतो आणि सुखरूप घरी परततो.