वायपरची टाकी आणि बोअरचं पाणी

कवीला बोलावलं म्हणजे तो पावसावर बोलेल, अशी एक अपेक्षा असते. मी पाण्यावरच बोलणार आहे, पण ते पाणी जीपच्या बॉनेटखालच्या छोट्या टाकीतलं आहे. काच धुवायची टाकी. आमच्याकडे मिस्त्री लोक तिला वायपरची टाकीच म्हणतात.

माझी जीप 1996 सालची, महिंद्राची कमांडर. थोरल्या भावाने ती बारा वर्षं काळी-पिवळी म्हणून चिखली-मेहकर रस्त्यावर चालवली. धंदा सोडला तेव्हा रीतसर कागद करून, रंग बदलून, माझ्या दारात आणून लावली. जीपशी आपल्या देशाचं नातं जुनं. 1947 साली मुंबईत विलीज जीपचे भाग जोडून गाड्या बांधायला सुरुवात झाली. ज्या कंपनीने ती केली, तिचं 1945 सालचं मूळ नाव महिंद्रा अँड मोहम्मद. त्यातले मोहम्मद, म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद, फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि 1948 मध्ये इथली पाटी बदलली. असो. महायुद्धातल्या विलीजचे वायपर हाताने फिरवावे लागत, आणि काच धुवायची तर खाली उतरून फडकं मारायचं. माझ्या कमांडरला मात्र बटण आहे, मोटर आहे, टाकी आहे, अशा समजुतीत मी होतो.

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत मी आपाला, म्हणजे मोठ्या बहिणीला, संग्रामपूर तालुक्यातल्या तिच्या गावाहून बुलढाण्याला आणत होतो. तिला मूत्रपिंडाचा त्रास सुरू झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी होती. निघताना भाच्याने टाकी बोअरच्या पाण्याने काठोकाठ भरून दिली. शेगाव झालं, खामगाव झालं. खामगाव सोडून बोथ्याच्या जंगलाकडे निघालं की रस्ता पश्चिमेकडून थोडा दक्षिणेला कलत जातो, आणि हिवाळ्यात सूर्य नेमका तिकडेच मावळतो. अगदी नाकासमोर. पुढे कापसाची ट्रॉली, तिची धूळ, आणि डोळ्यांत ऊन.

मी बटण दाबलं. मोटर गुरगुरली. एका भोकातून दोन थेंब आले, दुसऱ्यातून काहीच नाही. वायपर फिरला आणि त्या दोन थेंबांनी धुळीचं सारवण करून सगळ्या काचेवर पसरवलं. कोरडी धूळ परवडली, तिच्यातून निदान अंधूक दिसतं. ओल्या धुळीवर समोरून ऊन पडलं की काचेची भिंत होते. मी ब्रेक दाबला, अंदाजाने गाडी कडेला घेतली. खाली उतरून पाहिलं, तर दहा-बारा पावलांवर एक बैलगाडी शांतपणे चालली होती. ती मला दिसलीच नव्हती.

मागच्या सीटखाली बोअरच्या पाण्याचा कॅन होता. मी तो काढू लागलो तर आपाने स्वतःच्या पिण्याची बाटली पुढे केली. ‘वो नक्को, ये ले,’ ती म्हणाली. वीस रुपयांच्या जारमधलं विकतचं पाणी होतं ते. डॉक्टरांनी तिला तेच प्यायला सांगितलं होतं. तिच्या पाण्याने काच धुऊन आम्ही घरी पोचलो.

दुसऱ्या दिवशी तपासणी आटोपली आणि दुपारी मी मिस्त्रीकडे गेलो. बॉनेट उघडून तो हसला. ‘चाचा, टाकी फुटेल हाय. अन् पानी कुठलं टाकता तुमी? आत पाहा.’ टाकीच्या तळाशी पांढरा थर बसला होता. हा थर मी ओळखतो. आपाच्या घरी हंड्याला, कळशीला, चहाच्या पातेल्याला तोच असतो.

ज्यांना आमचा भाग माहीत नाही, त्यांच्यासाठी सांगतो. सातपुड्याच्या पायथ्याखाली पूर्णेच्या दोन्ही काठांनी गाळाच्या जमिनीचा एक पट्टा आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत तो पसरला आहे. त्याला खारपाणपट्टा म्हणतात. जमिनीखाली पाणी आहे, पण ते खारट, क्षारांनी भरलेलं. पिकाला घातलं तर जमीन बिघडते, आणि मूत्रपिंडाच्या तक्रारी तर तिथे गावोगाव ऐकू येतात. असं पाणी तापलेल्या काचेवर पडलं की पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. फवाऱ्याच्या भोकातही तेच होतं. भोक सुईच्या टोकाएवढं, ते बुजायला कितीसा क्षार लागतो?

टाकी फुटण्याचं कारण वेगळं. ती प्लॅस्टिकची, शेजारी इंजिनाची धग, वर आमच्या मे महिन्याचं ऊन, आणि जुन्या जीपचे हादरे. वीस-पंचवीस वर्षांत प्लॅस्टिक पापडासारखं होतं. बहुधा स्क्रूच्या कानापाशी चीर जाते आणि पाणी गुपचूप गळत राहतं. वरून भरलं की भरल्यासारखी दिसते. दोन तासांनी रिकामी.

बदलण्याचं काम अर्ध्या तासाचं आहे, आणि ते मी स्वतः केलं. मिस्त्री शेजारी बिडी ओढत सूचना देत होता. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस, पान्याशी माझी ओळख तेवढीच. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. मग मोटरच्या दोन वायरी, कुठली कुठे ते नीट पाहून. उलट लागल्या तर मोटर उलटी फिरते आणि पाणी जोराने चढत नाही. रबरी नळी जुनी होऊन घट्ट बसली होती. मी ओढायला लागलो तसा मिस्त्री ओरडला. अशी ओढली तर ती तरी तुटते, नाहीतर मोटरचं नाक तुटतं. तिच्यावर गरम पाणी ओतलं आणि ती हळूच फिरवत काढली. दहाच्या पान्याने दोन बोल्ट सोडले की टाकी हातात.

मोटर टाकीच्या बुडाशी एका रबरी बुचात बसवलेली असते. टाकी नवी घ्याल तर हे बूचही नवंच घ्या. दहा-वीस रुपयांसाठी जुनं वापरलं की पुन्हा गळती. ते बसवताना तेल किंवा ग्रीस लावू नये, त्याने रबर फुगतं. साबणाचं पाणी पुरतं. माझी मोटर चांगली होती, तिच्या तोंडाची बारीक जाळी तेवढी चोंदली होती. फवारे रात्रभर सिरक्यात बुडवून ठेवले आणि सकाळी बारीक सुई घालून मोकळे केले. एक लक्षात ठेवा, टाकी रिकामी असताना बटण दाबून धरू नका. त्या छोट्या मोटरला थंडावा पाण्याचाच असतो.

मग धारेचा नेम. जीपची काच उभी असते, पाणी झटकन खाली येतं. शिवाय गाडी वेगात असली की वारा धार खाली दाबतो. म्हणून उभ्या गाडीत धार काचेच्या मध्याच्या जरा वर पडेल असा फवारा वळवावा. मी पहिल्यांदा वळवला तेव्हा सगळं पाणी टपावरून मागे गेलं आणि मिस्त्रीची बिडी विझली.

टाकीत काय घालायचं? थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून औषध घालतात, आपल्याला त्याची गरज नाही. कपड्यांची पावडर तर मुळीच नको, ती जाळीत बसते. क्षार नसलेलं पाणी आणि काच धुण्याचं द्रावण थोडंसं, एवढं पुरे. निव्वळ पाणीही महिनोन्‌महिने साठवून ठेवू नये. इंग्लंडमध्ये 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, या टाकीत द्रावणाशिवाय नुसतं पाणी वापरणाऱ्यांमध्ये लीजनेअर नावाच्या न्यूमोनियाचा धोका जास्त आढळला होता. कोमट साचलेलं पाणी, आणि त्याचा फवारा थेट नाकासमोर.

आपाची औषधं चालू आहेत. भाच्याने त्यांच्या घराच्या पत्र्यांना पन्हाळ लावून पावसाचं पाणी धरायला सुरुवात केली आहे. मागच्या जूनमध्ये तिचा फोन आला. पहिल्या पावसाचं पाणी त्यांनी पत्रे धुऊन जाऊ दिलं होतं, दुसऱ्या पावसाचं गाळून भरलं होतं. दोन कॅन माझ्यासाठी बाजूला ठेवलेत म्हणाली, गाडीच्या टाकीला.