मुडदुशी, नीर डोसा आणि एक लंडन पिल्सनर

मराठी माणसाला चांगले मासे खायचे असले की तो खाणावळीत जातो आणि बिअर प्यायची असली की परमिट रूममध्ये. हे दोन पत्ते वेगळे. खाणावळीत मालकीण स्वतः आत वाटणाकडे बघत असते, दाराशी पंधरा माणसं नंबर लावून उभी असतात आणि टेबलावर हात धुवून उठेपर्यंत पुढचा येऊन बसतो. तिथे एक बाटली घेऊन दीड तास गप्पा छाटणारं गिऱ्हाईक परवडत नाही, खपतही नाही. परमिट रूममध्ये बसायला हवा तितका वेळ, पण जेवण म्हणजे चखण्याचीच पुढची पायरी. मसाला पापड, चिकन चिली आणि शेवटी सगळ्यांचा एकच लाल रस्सा. गेल्या पस्तीसेक वर्षांत दोन्हीकडे मी मनसोक्त बसलोय. दोन्ही गोष्टी एका टेबलावर नीट जमल्या अशी जेवणं मात्र बोटांवर मोजण्याइतकी. त्यांतलं पहिलं १९८८च्या मे महिन्यातलं, आणि त्याची बरोबरी पुढे कुणी केली नाही.

मी तेव्हा फोर्टातल्या एका बँकेत चिकटून तीन वर्षं झाली होती. वेंगुर्ल्याचा मामा आंब्याच्या पेट्यांबरोबर मुंबईला आला होता. फळबाजार अजून वाशीला गेला नव्हता, क्रॉफर्ड मार्केटातच होता, त्यामुळे मामाचं दलालाकडचं काम आटोपलं की तो चालत माझ्या बँकेपर्यंत यायचा. त्या दिवशी आला तो घामाने निथळत. हिशेब मनासारखा झाला नसावा. म्हटलं, मामा, चल, आज घरी नको, बाहेर जेवू.

जवळच्याच गल्लीत एक मंगळूरी हॉटेल होतं. खाली बिनएसीचं, कारकुनांनी भरलेलं. लाकडी जिन्याने वर गेलं की एसी आणि परमिट. खालचे आणि वरचे दर वेगळे, मासा तोच. फोर्टातल्या या मंगळूरी हॉटेलांची गंमतच ही होती. दक्षिण कॅनरातून आलेल्या शेट्टींनी आणि त्यांच्या गाववाल्यांनी ती काढली ती ऑफिसातल्या माणसाला दुपारचं जेवण घालायला. कित्येकांच्या नावात ‘लंच होम’ होतं, महेश लंच होममध्ये ते अजून आहे. पुढे दारूबंदी सैल झाली तेव्हा अशा अनेकांनी परवाना घेतला, पण आतला आचारी बदलला नाही. म्हणजे खाणावळीची चूल आणि परमिट रूमचं टेबल एकाच छपराखाली आलं. आपल्याकडच्या मालवणी खाणावळींना हे का जमलं नाही, याचं उत्तर मी बरीच वर्षं शोधतोय. माझं मत असं की आपल्या खाणावळी घराचा विस्तार होत्या आणि त्यांचं हॉटेल हे पहिल्यापासून धंदा होता. घरात बाटली उघडायला आपला हात धजत नाही.

मामाला बिअर ठाऊक नव्हती असं नाही, त्याला ती मान्य नव्हती. “घोड्याचा मूत तो,” हे त्याचं मत आख्ख्या आजोळाला पाठ होतं. तो फेणीवाला. त्याचं तरुणपण दारूबंदीत गेलं. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९चा, मोरारजी देसाई गृहमंत्री असतानाचा. १९५० पासून तो सगळ्या राज्यात लागू झाला आणि माडीसुद्धा गुन्ह्यात जमा झाली. पण वेंगुर्ल्याहून काही कोसांवर सीमा, आणि पलीकडे पोर्तुगिजांचं राज्य. तिथे असली बंदी नव्हती. १९६१ पर्यंत आमच्या आजोळच्या माणसांसाठी परदेश म्हणजे एक खाडी ओलांडणं, आणि परदेशातून येताना काय आणायचं ते सांगावं लागत नसे. मुंबईत त्याच काळात वांद्रे, धोबीतलावकडे ‘आंटी’च्या घरात खाटेखालून बाटली निघायची. मामाला या सगळ्याचं हसू यायचं. त्याहून जास्त हसू यायचं ते परवान्याचं. हा कायदा रद्द कधीच झाला नाही, आजही आहे, फक्त नावातलं ‘मुंबई’ जाऊन ‘महाराष्ट्र’ आलं. त्यामुळे पिणाऱ्याने परवाना बाळगायचा असतो, आणि तो मिळतो आरोग्य टिकवण्यासाठी. एका दिवसाचा पाच रुपयांना, जन्माचा हजाराला. आपल्या ‘परमिट रूम’चं परमिट ते हे. गुत्त्याला सरकारी फॉर्मचं नाव देणारा दुसरा प्रांत मला माहीत नाही.

तर आम्ही वर जाऊन बसलो. मी एक लंडन पिल्सनर सांगितली. तेव्हा मुंबईत ती आणि किंगफिशर, दोन्ही सगळीकडे मिळत. मोठी बाटली, ६५० मिलिलिटरची. मामाने स्वतःसाठी सोडा मागवला आणि मेनूकार्ड लांब धरून वाचायला घेतलं. ‘काणे फ्राय’वर अडला. काणे म्हणजे काय, असं वेटरला विचारलं. वेटर मंगळूरकडचा, कोकणी बोलणारा. त्याने हात लांब करून माशाची लांबी दाखवली, बोट नाकाशी नेऊन तोंड कसं निमुळतं ते दाखवलं आणि म्हणाला, आम्ही घरी नगली म्हणतो. मामा दोन क्षण त्याच्याकडे बघत राहिला. “अरे, ही मुडदुशीच मरे!” मग मामाची मालवणी आणि वेटरची मंगळुरी कोकणी अशी जी सुरू झाली, तिच्यात मी नव्हतोच. तिसऱ्यांना, म्हणजे शिंपल्यांना, त्याच्या हॉटेलात तुळूतलं मरवाय हे नाव होतं. आमचा भाकरीचा हट्ट त्याने मोडून काढला. म्हणाला, गश्शीबरोबर भाकरी नाही, नीर डोसा.

ताटं आली. मुडदुशी रव्यात घोळून तळलेल्या, बोटभर जाड, सहा. हा मासा इतका मऊ की काटा-चमच्याने खाणारा त्याचा लगदा करतो. मामाने शेपटी धरली, अंगठा आणि तर्जनी कण्यावरून डोक्याकडे ओढली, आणि दोन्ही बाजूंचं मांस सलग सुटून ताटात पडलं. कणा अख्खा वर. मग दुसऱ्या बाजूला कोंबडीची गश्शी. ब्याडगी मिरच्या, धणे, जिरं, थोडी मेथी, सगळं भाजून नारळाबरोबर गंधासारखं वाटलेलं आणि चिंचेने सावरलेलं. रंग बघून घाबरावं, पण ब्याडगीला रंग जास्त, तिखटपणा कमी. नीर डोसा म्हणजे नुसतं पाण्यासारखं पातळ तांदळाचं पीठ, न आंबवलेलं, तव्यावर ओतून झाकलेलं. नीर म्हणजे पाणीच. पांढरा, जाळीदार, रुमालासारखी चौघडी घातलेला. तो रश्शात टेकवला की रस्सा त्याच्यात चढतो आणि बोटाला चटका बसायच्या आत तोंडात टाकावा लागतो.

मामाने तिसऱ्या की चौथ्या घासानंतर माझा ग्लास उचलला. विचारलं नाही. एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला, मुडदुशीचा तुकडा खाल्ला, परत उचलला. बाटली संपल्यावर वेटरला त्यानेच दुसरी आणायला खुणावलं. आणि जिना उतरताना, मला उद्देशून असं नाही, पण ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणाला, “फेणी जेवच्या आधी. ह्या जेवणावांगडा.”

बिल किती झालं ते आठवत नाही, कारण ते त्याने दिलं.

मामाच्या त्या फेणीच्या वाक्याचा अर्थ मला हळूहळू कळत गेला. फेणी जिभेवर बसते. तिच्यानंतर पहिले चार घास ओळखू येत नाहीत. हलकी, थंड लागर उलट जिभेवर काही ठेवतच नाही. तिचे बुडबुडे आणि जराशी कडसर आंबट धार नारळाचा साय धरल्यासारखा थर धुऊन नेतात, आणि पुढचा घास पुन्हा पहिला होतो. बिअरने तिखट कमी होतं हा मात्र लोकांचा गैरसमज आहे. थंडपणाने क्षणभर बरं वाटतं, मग फेस जिभेला टोचून तिखट पुन्हा पेटवतो. तिखट उतरवायला ताकच. त्या दिवशी जिभेला सांभाळत होता तो नीर डोसा, बिअर नव्हे.

पुढे काळ कडक बिअरचा आला. नव्वदीनंतर हेवर्ड्स ५०००, नॉकआऊट, पाठोपाठ किंगफिशर स्ट्राँग. आठ टक्क्यांपर्यंतची, गोडसर, जड. त्याच ६५०च्या बाटलीत जास्त चढत असेल तर साधी कोण घेणार, हा हिशेब सरळ होता, आणि आपल्या देशात बिअरचा हिशेब चवीने फारसा कुणी केलाच नाही. आजही विकली जाते त्यातली बहुतांश बिअर स्ट्राँगच. पगारवाढीच्या संध्याकाळी आम्ही पोरांनी ती भरपूर प्यायली, त्याबद्दल तक्रार नाही. पण तिच्याबरोबर खाल्लेला एकही मासा मला आठवत नाही. १९९८ साली फॉस्टर्स आली, औरंगाबादेत बनू लागली, तेव्हा हलकी बिअर परत फॅशनीत आल्यासारखं वाटलं. पण तोवर परमिट रूमच्या स्वयंपाकघरांतून मासा जाऊन शेजवान आलं होतं.

पुण्यात २००९ मध्ये कोरिंथियन्स क्लबात डुलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि ताजी, तिथल्या तिथे गाळलेली बिअर ग्लासात आली. मी मुद्दाम गाडी पकडून गेलो. गव्हाची, जर्मन पद्धतीची बिअर पहिल्यांदा नाकाशी नेली आणि चमकलो. पिकल्या केळ्याचा वास, त्याच्यामागे लवंग. कुणी केळं घालत नाही की लवंग, हा यीस्टचा प्रताप. मनात लगेच आलं ते गश्शीचं भांडं. लवंगेचा वास आणि भाजलेला नारळ, हे लग्न ठरवून केल्यासारखं जमलं असतं. समोर मात्र नाचोज. पुढच्या दहा वर्षांत पुण्या-मुंबईत अशा बऱ्याच जागा निघाल्या, आणि त्यांतल्या एका ठिकाणी तर ‘मालवणी प्रॉन्स’ म्हणून टोमॅटो सॉसमधली कोलंबी मला खावी लागली. जागेचं नाव घेत नाही. बिअर उत्तम होती. म्हणजे १९८८ साली बिअर बेताची आणि जेवण उत्तम, आता बिअर उत्तम आणि जेवण बेताचं. आमचं गाडं एका चाकावरून दुसऱ्या चाकावर आलं इतकंच.

मधल्या काळात सरकार आणि न्यायालयं यांनीही हात लावला. महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारू नको, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश १ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, आणि मुंबई-गोवा रस्त्यावर जिथे थांबून कोंबडीवडे आणि एक पाइंट घ्यायची सवय होती, तिथे नुसते कोंबडीवडे उरले. आदेश पुढे सैल झाला, तरी कित्येकांनी परवान्याचा नाद सोडला. मग २०२०. मार्चमध्ये बंद झालेली हॉटेलं ५ ऑक्टोबरला उघडली, तीही निम्म्या खुर्च्यांवर. फोर्टातलं आमचं ते हॉटेल उघडलंच नाही. जिना अजून आहे, वर आता कुरिअरवाल्याचं ऑफिस आहे. मी चढून बघितलं. एसी तोच असावा, आवाजावरून.

मामा २००३ मध्ये गेला. शेवटपर्यंत तो बिअरला मूतच म्हणत राहिला. पण मुंबईला आला की विचारायचा, “ती मुडदुशी गावता खंय?” गावते म्हणजे कुठलं हॉटेल, हे त्याला आणि मला दोघांनाही ठाऊक असे, आणि मुडदुशीबरोबर काय येतं हेही.

फोर्टात अजून महेश आहे, अपूर्वा आहे, काळा घोड्याला त्रिष्णा आहे. त्रिष्णाचा लसूण-लोण्यातला खेकडा प्रसिद्ध आहे, पण परक्या पाहुण्यांसाठी तो ठेवा. जायचं तर दुपारी जा, आचारी ताजा असतो आणि टेबल मोकळं मिळतं. बिअर साधीच सांगा, स्ट्राँग नको, आणि दोघांत एकच, म्हणजे ती संपेपर्यंत थंड राहते. मासा मागताना मुडदुशी म्हणू नका, काणे म्हणा. आणि मे संपायच्या आत जा. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असते, तेव्हा ताटात येतो तो बर्फातला.