फळमाशीवर नवा इलाज : किडीचे जनुक गप्प करा

पेटी उघडली, आंबा वरून सोन्यासारखा. कापला तर गरात अळ्या! आमच्या बागवान बांधवांना हा अनुभव नवा नाही. फळमाशी सालीखाली अंडी घालते, नुकसान मात्र व्यापाऱ्याच्या माथी येते. अशाच किडक्या मालामुळे युरोपीय संघाने मे २०१४ मध्ये भारतीय आंब्याची आयात बंद केली. ही बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली.

आता शास्त्रज्ञ किडीचे जनुकच गप्प करू पाहत आहेत. जनुकाचा हुकूम पोहोचवणारा निरोप्या म्हणजे आरएनए. त्या हुकुमाशी जुळणारा दुपदरी आरएनए किडीच्या पोटात गेला, की तिच्या पेशी स्वतःचाच निरोप तोडून टाकतात. जरुरीचे काम थांबते आणि कीड मरते. हे तत्त्व दाखवणाऱ्या फायर व मेलो यांना २००६ चे नोबेल मिळाले. फवारणीने झाडाचे जनुक बदलत नाही. बटाट्यावरील भुंगेऱ्यासाठी अशा फवारणीला अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये मंजुरी दिली.

परंतु फळमाशीच्या पोटात हा आरएनए लवकर तुटतो. म्हणून आंब्याच्या बाबतीत नुसत्या आशेवर राहू नये. बागेचा सौदा करतानाच मिथाइल युजेनॉलचे सापळे लावण्याची व गळलेली फळे खोल पुरण्याची अट घालावी, असे आम्ही सुचवतो. मालातला ऐब लपवून विकण्यात बरकत नाही. तो बागेतच रोखण्यात आहे.