कर्जत-खालापूरची थंडी आणि अंगणातली फुलं

महाबळेश्वरला वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात कडाक्याच्या थंडीत पहाटेचं दव गोठून पानांवर हिमकण दिसतात. कर्जत-खालापुरात तशी वेळ येत नाही. तरी समुद्रापासून आत, माथेरान आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या या पट्ट्यातल्या रात्री मुंबईपेक्षा चांगल्याच गार असतात. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमिनीची उष्णता भराभर निघून जाते. जड झालेली गार हवा उतारावरून उल्हास-पाताळगंगेच्या खोऱ्यांत साचते.

म्हणून सखल कोपऱ्यातल्या कुंड्या आधी हलवाव्यात. दिवसभर तापलेल्या भिंतीलगतची जागा सर्वांत उत्तम.

शेवंती आणि झेंडूला ही हवा मानवते, त्यांना झाकूच नये! मोगरा विसावतो, त्याला पाणी बेतानं, खत नको. खरी काळजी अँथुरियम, ऑर्किड आणि कोवळ्या रोपांची. संध्याकाळी काठ्या रोवून पानांना न टेकेल अशी जुनी सुती साडी पसरावी, ऊन आलं की काढावी.

निफाडचे द्राक्षबागायतदार अशा थंडीत पहाटे शेकोट्या पेटवतात, ठिबकनं पाणी सोडतात. ओली माती कोरडीपेक्षा जास्त उष्णता साठवते. त्यामुळे कोरड्या पडलेल्या वाफ्याला सकाळीच पाणी द्यावं.