फिगर स्केटिंगची सुरुवात उडीपासून होत नाही

चौथ्या वर्षी बर्फावर पाय ठेवला नाही तर स्पर्धात्मक फिगर स्केटिंगचं दार कायमचं बंद, असं अनेक पालक धरून चालतात. अमेरिकेचा जॉनी वीअर बाराव्या वर्षी स्केटिंगकडे वळला आणि २००१ मध्ये, अवघ्या सोळाव्या वर्षी, ज्युनिअर विश्वविजेता झाला. इतकी झेप क्वचितच कोणाला साधते, पण दार बंद नसतं हे त्यातून दिसतं. आता तर आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने वरिष्ठ गटाचं किमान वय १५ वरून टप्प्याटप्प्याने १७ केलं आहे. प्रौढांसाठीही जर्मनीत ओबर्स्टडॉर्फला आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते. माजी विश्वविजेती मिदोरी इतो २०११ मध्ये तिथे उतरली होती.

‘तिहेरी उडी येत नाही तोवर स्पर्धेचं नाव काढू नये’ हा दुसरा समज. अमेरिकेत शिकाऊ मुलांसाठी वेगळ्या स्पर्धा असतात. तिथे एका पायावर सरकणं, साधं वळण आणि नीट थांबणं एवढ्यावरही मूल उतरू शकतं. थांबण्यासाठी ब्लेडच्या पुढचे दाते वापरायचे, असं नवख्यांना वाटतं आणि ते तोंडावर आपटतात. दाते उड्या आणि गिरक्यांसाठी असतात. थांबायचं ते ब्लेड आडवं करून, बर्फ खरवडत.

ब्लेड सुरीसारखं एका धारेचं नसतं. त्याच्या तळाला लांबट खाच असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक कड, आतली आणि बाहेरची. सगळा खेळ या कडांवर चालतो. लुट्झ उडी मागे सरकत, बाहेरच्या कडेवरून घ्यायची. फ्लिप आतल्या कडेवरून. ऐन क्षणी पाय आत कलला की लुट्झ चुकीच्या कडेवरून घेतली जाते आणि गुण कापले जातात. म्हणूनच चांगला प्रशिक्षक महिनोन् महिने नुसती वर्तुळं आणि वळणं करून घेतो. तो वेळ वाया गेला असं पालकांनी समजू नये.

‘पडला की संपलं’ हा समज सर्वांत खोल रुजलेला आहे. त्याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. चौपट, म्हणजे हवेत चार फेऱ्यांच्या, टो लूप उडीचं मूळ मूल्य ९.५ गुण. फेरे पूर्ण करून स्केटर पडला, तर पंच साधारणपणे उणे पाच देतात, म्हणजे मूळ मूल्याच्या निम्मे, ४.७५ गुण जातात. शिवाय पडल्याचा एक. उरतात ३.७५. दुहेरी टो लूप कितीही देखणी केली तरी तिचे दोनही गुण होत नाहीत. मात्र स्वच्छ तिहेरी टो लूपचे ४.२ तरी मिळतात, म्हणजे पडलेल्या चौपट उडीपेक्षा जास्त. धाडस कधी करायचं आणि कधी आवरायचं, हे असं गणिताने ठरतं. शिवाय एका चुकीने सगळं संपत नाही: २०१८ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा नेथन चेन पहिल्या भागात सतराव्या स्थानी फेकला गेला. दुसऱ्या भागात सहा चौपट उड्या मारून तो पाचवा आला. पुढच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक त्याचंच होतं.

गुण म्हणजे पंचांची मर्जी, हेही जुनंच मत. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये पंचांच्या निकालावरून झालेल्या गदारोळानंतर सहापैकी गुण देण्याची पद्धत मोडीत निघाली. आता मोठ्या स्पर्धांत कोणती उडी झाली, फेरे पुरे झाले का, हे वेगळं तांत्रिक मंडळ चित्रफीत पाहून ठरवतं. प्रत्येक घटकाला पंचांनी दिलेल्या गुणांतला सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकडा वगळून सरासरी काढतात.

बुटांबद्दल थोडक्यात: महागडे, फार कडक बूट नवशिक्याला अडसरच ठरतात. त्यांत घोटा वाकत नाही.

भारतात बर्फाची सोय मोजकी. सिमल्याचा उघड्यावरचा नैसर्गिक रिंक १९२० पासूनचा, पण फक्त थंडीतला. देहरादूनचा मोठा रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधला गेला. मात्र महाराष्ट्रातल्या मुलांपुढे चाकांवरचं आर्टिस्टिक स्केटिंग आहे. लुट्झ, अ‍ॅक्सल अशा उड्या, गिरक्या, जोडी हे सगळं त्यातही असतं. अनुप कुमार यामाने २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत याच खेळात एकेरीत आणि अवनी पांचालसोबत जोडीत कांस्यपदक मिळवलं.

जवळच्या स्केटिंग वर्गात नाव घालताना फक्त शर्यतीचाच सराव होतो की आर्टिस्टिकचाही, एवढं जरूर विचारा.