सर्वांचा ‘हम्फ’

आवाजावरून माणूस ओळखीचा होणं म्हणजे काय, हे अमीन सयानींच्या ‘गीतमाला’वर वाढलेल्या आपल्या पिढ्यांना सांगायला नको. इंग्लंडमधल्या घराघरांत असाच एक आवाज चाळीस वर्षं ऐकू येत होता. हम्फ्री लिटल्टन, सर्वांचा लाडका ‘हम्फ’! रेडिओवर बोलणारा आणि जॅझचा ट्रम्पेट वाजवणारा.

ट्रम्पेट म्हणजे काय, असं विचाराल तर सी. रामचंद्रांचा ‘अलबेला’ आठवा. त्यातलं ते झणझणीत पितळी वाद्य गोव्याच्या चिक चॉकलेट यांनी वाजवलं होतं.

लिटल्टन यांचा जन्म १९२१ सालचा, तोही ईटन या बड्यांच्या शाळेतच, कारण वडील तिथे मास्तर. घराणं मोठं, नातेवाइकांत मंत्री-संत्री. अशा घरच्या मुलाने वाजंत्री व्हावं? पण १९३६ साली लॉर्ड्सवर ईटन-हॅरोचा प्रतिष्ठेचा क्रिकेट सामना चालू असताना हा पंधरा वर्षांचा मुलगा तिथून निघाला, तो थेट वाद्यांच्या दुकानात, ट्रम्पेट घ्यायला. बरोबर कोण होतं, माहीत आहे? त्याची आई! मला या गोष्टीत त्या आईचंच जास्त कौतुक वाटतं.

पुढे युद्धात ते सैन्यात होते, इटलीतल्या सालेर्नोच्या किनाऱ्यावर उतरले होते. ८ मे १९४५ला युरोपातलं युद्ध संपलं, तेव्हा बकिंगहॅम राजवाड्यासमोरच्या गर्दीत हे महाशय हातगाडीत बसून ट्रम्पेट वाजवत होते. बी.बी.सी.च्या त्या दिवसाच्या ध्वनिमुद्रणात तो अजून ऐकू येतो.

१९४८ साली त्यांनी स्वतःचा बँड काढला. लोक तो डोक्यावर घेऊन नाचले, आणि खरी कसोटी तिथेच लागली. जुन्या न्यू ऑर्लिन्स पद्धतीचं जॅझ म्हणजे चाहत्यांना अगदी सोवळ्यातलं. त्यात सॅक्सोफोन म्हणजे विटाळच! १९५३ साली लिटल्टननी ब्रूस टर्नर या सॅक्सोफोनवाल्याला बँडमध्ये घेतलं, तेव्हा बर्मिंगहॅमच्या कार्यक्रमात त्याला ‘घरी जा’ म्हणून हिणवणारा भलामोठा फलक श्रोत्यांनी फडकवला. ज्यांच्या टाळ्यांवर पोट चालतं तेच उलटल्यावर दुसरा कुणी मुकाट्याने माघार घेता. यांनी टर्नरना काढलं नाही. १९५६ साली त्यांचं ‘बॅड पेनी ब्लूज’ लोकप्रिय गाण्यांच्या पहिल्या विसांत गेलं. ब्रिटिश जॅझला हा मान पहिल्यांदाच मिळाला. आणि २००१ साली, ऐंशीच्या उंबरठ्यावर, ते रेडिओहेड या तरुण पोरांच्या अल्बममध्ये वाजवून मोकळे!

१९६७पासून बी.बी.सी.वर ते ‘द बेस्ट ऑफ जॅझ’ सादर करत. जुनं-नवं दोन्ही सारख्याच मायेने ऐकवायचे. १९७२ साली आणखी एक कार्यक्रम गळ्यात पडला, ‘आय ॲम सॉरी आय हॅवन्ट अ क्लू’. निव्वळ वेडेपणाचा खेळ, आणि हे त्याचे अध्यक्ष. त्यात लंडनच्या रस्त्यांची नि स्टेशनांची नावं आळीपाळीने घ्यायची, ‘मॉर्निंग्टन क्रेसेंट’ प्रथम म्हणेल तो जिंकला. नियम एकही नाही! भातुकलीतल्या चहासारखंच सगळं. तरी खेळणारे नियमांवरून कडाकडा भांडत आणि श्रोते बिचारे पत्र पाठवून नियम मागवत. गुण मोजायला शेजारी ‘समॅन्था’ बसलेली असे, म्हणजे अर्थातच कुणीच नसे. तिच्याविषयीची वाक्यं चावट, अगदी ठासून भरलेली. पण लिटल्टन ती अशा भोळ्या, कंटाळलेल्या सुरात वाचत की जणू ह्यांना त्यातलं काही कळतच नाही! हसू आवरायचं काम ऐकणाऱ्यांचं.

एवढा घराघरांतला माणूस, पण स्वतःच्या घरात मात्र कुणाची लुडबुड चालत नसे. लंडनच्या उत्तरेला आर्कलीत त्यांनी घर बांधलं ते आपल्या जुन्या वाड्यासारखं. बाहेरच्या बाजूला कोऱ्या भिंती, खिडक्या सगळ्या आतल्या चौकाकडे. टेलिफोनचा मनस्वी तिटकारा, नंबर डिरेक्टरीत नाहीच. काही कळवायचं तर पत्राने. उत्तरही मग सुंदर वळणदार अक्षरात येई, कारण सुलेखन हा त्यांचा दुसरा जीव की प्राण. इटॅलिक हस्ताक्षराला वाहिलेल्या संस्थेचे ते अध्यक्ष होते, आणि स्वतःच्या रेकॉर्ड कंपनीचं नावही त्यांनी ‘कॅलिग्राफ’ ठेवलं होतं. दारावरची बेल वाजली की हातातलं सगळं टाकून धावणाऱ्या आपल्यासारख्यांना या माणसाचा हेवा वाटला तर नवल नाही.

मार्च २००८मध्ये त्यांनी जॅझच्या कार्यक्रमाचा निरोप घेतला. पुढच्याच महिन्यात ‘क्लू’चा प्रयोग बोर्नमथला होता आणि अध्यक्ष इस्पितळात, शस्त्रक्रियेसाठी. प्रेक्षकांना त्यांचा ध्वनिमुद्रित निरोप ऐकवण्यात आला. दिलगीर आहे, म्हणाले, इस्पितळात असल्यामुळे येता येत नाही. ही युक्ती आधीच सुचायला हवी होती! सगळं थिएटर हसलं. २५ एप्रिलला ते गेले, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी.